बाबा म्हणतात आधी आपली माणसं. मग बाकीच्यांचं काय?

पत्र ठाण्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई २९ वर्षांच्या, बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ, हातात येणारा पगार ४८,०००. लहानपणापासून सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) ऐकलेलं 'परक्याला छळू नका, तुम्हीही मिसरात (इजिप्तमध्ये) परकेच होता' हे त्यांच्या मनात घट्ट बसलं आहे आणि जगात जिथे अन्याय आहे तिथे जाऊन काही करावं असं त्यांना वाटतं. त्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या एका अनाथालयात सहा महिन्यांच्या स्वयंसेवेसाठी नाव नोंदवलं आहे. खर्च २,१०,००० रुपये, त्यातले २०,००० भरून झाले, नोकरी सोडावी लागणार. बाबा सिनेगॉगच्या कमिटीवर आहेत. ते म्हणतात, "आपण उरलोय मूठभर, आधी आपली म्हातारी माणसं बघ." ज्या कार्यकर्त्यांच्या गटात त्या शनिवार-रविवारी जातात तिथे ऐकावं लागतं, "धर्म घरी ठेवून ये." शिवाय दर बैठकीत कोणीतरी गाझाबद्दल विचारतंच. इस्राएलमध्ये अश्दोदला असलेला भाऊ पैसे पाठवायला तयार आहे. त्यांचे प्रश्न दोन: ही ओढ खरंच श्रद्धेतून आली आहे, की श्रद्धेचं नाव दिलं आहे? आणि जाऊ का?

*

ताई, पहिल्या प्रश्नावर रात्री जागू नका. तुमच्या परंपरेने त्यावर फार पूर्वीच व्यवहारी तोडगा काढून ठेवला आहे. तालमूदात, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, म्हटलं आहे की हेतू शुद्ध नसला तरी माणसाने मित्स्वा (धर्माने सांगितलेलं सत्कर्म) करत राहावं, करता करता हेतू शुद्ध होतो. ज्याच्या ताटात भात पडला त्याला वाढणाऱ्याच्या मनाची तपासणी नको असते. इतिहासातही दोन्ही तऱ्हा सापडतात. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लढलेल्या गोऱ्यांमध्ये ज्यू बरेच होते, पण त्यांतले कितीतरी जण सिनेगॉगची पायरी न चढणारे होते. उलट २१ मार्च १९६५ रोजी अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी सेल्माहून निघालेल्या मोर्चात मार्टिन लूथर किंग यांच्यासोबत पहिल्या रांगेत चालणारे अब्राहम जोशुआ हेशेल हे पांढऱ्या दाढीचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) होते, आणि तो मोर्चा त्यांना प्रार्थनेसारखाच वाटला होता. दोघांनीही काम केलं. गटातल्या मित्रांना एवढंच सांगा की बैठकीत मी तोरा (आमचा मूळ धर्मग्रंथ) वाचून दाखवणार नाही, पण मी इथे का येते हे माझं मी ठरवेन.

आता बाबा. ते खोटं सांगत नाहीत, अर्धं सांगत आहेत. घरचा गरीब आधी, मग गावचा, मग परगावचा, हा क्रम तालमूदात आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याच तालमूदात असंही आहे की शांततेच्या वाटेसाठी ज्यू गरिबांबरोबर इतर गरिबांनाही पोसावं, त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करावी, त्यांच्या मृतांना माती द्यावी. दोन्ही एकाच वेळी पाळायचं कसं, याचं मला सर्वांत पटणारं उत्तर 'आरुख हाशुल्हान' या धर्मनियमांच्या ग्रंथाचे कर्ते रब्बी येखिएल मिखेल एपस्टीन (१८२९–१९०८) यांचं आहे. त्यांचा मुद्दा असा: प्रत्येकाने सगळं आपल्या नातलगांनाच दिलं, तर ज्या गरिबाला श्रीमंत नातेवाईक नाही तो उपाशी मरेल. म्हणून क्रम म्हणजे वाटणीतला कमीअधिक हिस्सा. जवळच्याला जास्त द्या, पण दूरच्याचं पान कोरं ठेवू नका. हे वाक्य बाबांना शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणावर सांगून पाहा. कमिटीतल्या माणसाला हिशेबाची भाषा लवकर कळते.

त्यांना आणखी एक आठवण करून देता येईल. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने असा आदेश काढला की बेने इस्राएलांचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. त्याविरुद्ध तुमच्या लोकांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, संसदेला दखल घ्यावी लागली आणि आदेशातला समाजाचा खास उल्लेख गेला. त्या वेळी बाजूने उभे राहिलेल्यांत बेने इस्राएल नसलेले पुष्कळ होते. 'आधी आपली माणसं' एवढंच त्यांनी धरलं असतं तर?

पण तुमच्याही बाजूचा एक धोका सांगतो. दूरचा अन्याय स्पष्ट दिसतो आणि शेजारचा डोळ्यांना सवयीचा होतो. बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंपैकी ससून घराण्याची दानत मुंबई-पुण्याला सांगायला नको. पुण्याच्या ससून रुग्णालयात आजही गोरगरीबच रांगेत असतात. त्या घराण्याच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. आणि १८३६ साली मुंबईच्या बगदादी ज्यूंनी दफनभूमीत आपली आणि बेने इस्राएलांची थडगी वेगळी राहावीत म्हणून मध्ये भिंत घालू द्या असा अर्ज केला होता. दान आणि भिंत एकाच समाजातून आली.

याच्या उलट डॉ. जेरुशा झिराड यांचं आयुष्य पाहा. लंडनहून एम. डी. होऊन आलेल्या, कामा हॉस्पिटलचा कारभार अनेक वर्षं सांभाळलेल्या, १९६६ च्या पद्मश्री. त्यांनी बेने इस्राएल बायकांसाठी स्त्री मंडळ उभं केलं, १९२५ साली मुंबईत ज्युइश रिलिजियस युनियन सुरू केली, आणि बाळंतपणाच्या खोलीत कोणत्या जातीची बाई आली हे कधी पाहिलं नाही. समाज की जग, हा प्रश्न त्यांना पडल्याचं त्यांच्या कामावरून तरी दिसत नाही. त्यांच्या हातात एक कौशल्य होतं आणि ते दोन्हीकडे लागत होतं. तुमच्याही हातात आहे. तुमच्या पत्रात मात्र आहारशास्त्राबद्दल एक ओळ सोडून काहीच नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकलं ते हेच.

आता अनाथालयाकडे वळू. मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदाचा पाया असलेल्या नियमसंग्रहात, गित्तीन नावाच्या भागात एक नियम आहे: पकडून नेलेल्या माणसाला सोडवण्यासाठी त्याच्या किमतीहून जास्त खंडणी देऊ नये. ऐकायला निष्ठुर वाटतं, कारण कैद्याची सुटका हा तर सर्वांत मोठा मित्स्वा. पण खंडणी वाढली की पळवणारेही वाढतात, अशी त्यामागची धास्ती आहे. चांगल्या मनाने दिलेला पैसा बाजार तयार करतो हे त्या लोकांना कळलं होतं. परदेशी स्वयंसेवकांच्या शुल्कावर चालणाऱ्या अनाथालयांत नेमकं हेच घडतं. तिथल्या पुष्कळ मुलांचे आईवडील, निदान एकजण, हयात असतात. शाळा आणि जेवण मिळेल म्हणून घरच्यांनी पाठवलेली किंवा दलालाने समजावून आणलेली ही मुलं. खाटा भरलेल्या दिसल्या तरच पाहुणे येतात, म्हणून खाटा भरल्या जातात. त्यात दर काही महिन्यांनी माया लावणारी नवी ताई येते आणि जाते. लहान मुलाला त्याचा त्रास वेगळाच. तुमचं अनाथालय तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण पैसे भरलेल्या कोणाही पाहुण्याला पोलीस पडताळणीशिवाय मुलांच्या खोलीत जाऊ देत असतील, तर तेवढ्यावरून नाव काढून घ्या.

पैशाचाही हिशेब मांडू. उत्पन्नाचा दहावा भाग द्यावा ही सर्वसाधारण रीत, पाचवा भाग म्हणजे उत्तम, आणि त्याहून जास्त देऊ नये अशी उशा या गावी जमलेल्या प्राचीन ज्यू विद्वानांनी घातलेली मर्यादा आहे, नाहीतर देणाराच उद्या मागायला उभा राहील. तुमची वर्षाची कमाई ५,७६,०००. दहावा भाग ५७,६००, पाचवा १,१५,२००. आणि आफ्रिकेचा बेत? २,१०,००० अधिक सहा महिन्यांचा बुडालेला पगार २,८८,०००, म्हणजे ४,९८,०००. धर्मानेच आखलेल्या वरच्या रेषेच्या चौपटीहून जास्त. त्यातला मोठा भाग विमान, विमा, राहणं आणि आयोजकांच्या खर्चात जाणार.

त्याऐवजी महिन्याला ४,८०० वेगळे काढा, शक्यतो वेगळ्या बचत खात्यात, पगाराच्या दिवशीच आपोआप वळते होतील असे. उदाहरणार्थ २,००० समाजाच्या वृद्धांसाठी, २,००० ठाणे-पालघरमधल्या कामासाठी, ८०० दूर देशासाठी. आकडे तुम्ही बदला, पण तिन्ही ओळींत काहीतरी असू द्या. भारतातल्या संस्थेला देताना तिचं देणगीवर करसवलत मिळवून देणारं प्रमाणपत्र (८०जी म्हणून ओळखलं जातं ते) चालू आहे का ते बघा, २,००० च्या वरची रक्कम रोखीने देऊ नका (वजावट मिळत नाही), वर्षअखेरीस देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट मुळातच नाही, मग त्यासाठी धावपळ नको. परदेशी संस्थेला थेट द्यायचं तर बँकेतून, लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना), देणगी असं कारण लिहून. त्यावर करसवलत मिळणार नाही. अमेरिकन ज्युइश वर्ल्ड सर्व्हिससारख्या संस्था (१९८५ पासून) आज मुख्यतः त्या त्या देशातल्या स्थानिक संघटनांना अनुदान देतात. ८०० रुपयांसाठी हा मार्ग मला विमानापेक्षा बरा वाटतो.

भावाच्या पैशाबाबत मात्र फार जपून. तो अजून भारतीय पासपोर्टवर असेल आणि आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकी देणगी धरली जात नाही. त्याने इस्राएली नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलं तरीही, तर त्याची देणगी परकी. ती घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परकी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यासाठीच्या खात्यातच यायला हवेत. "तुझ्या खात्यावर टाकतो, तू दे तिकडे" हा घरगुती मार्ग अजिबात नको. त्यात तुम्हीही अडकाल आणि संस्थाही. बाबांनाही सांगा, सिनेगॉगच्या ट्रस्टला हाच नियम लागू आहे. दुरुस्तीचा निधी परदेशातल्या नातलगांकडून गोळा करताना इथेच गोंधळ होतो.

वेळेचं आणि कौशल्याचं बोलू. गेब्रिएल प्रोजेक्ट मुंबई ही संस्था २०१२ पासून कळव्याच्या वस्त्यांमध्ये मुलांच्या आहार-शिक्षणाचं काम करते आणि पुढे मोखाड्याकडेही गेली. तिच्यासोबत काम करायला परदेशातून ज्यू तरुण कळव्याला येतात. तुम्ही ठाण्याहून आफ्रिकेला निघालात! कळवा तुमच्याहून एक स्टेशन दूर आहे. याच संस्थेत जा असं नाही. अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्ह्यातली कुठलीही विश्वासू संस्था चालेल.

तिथे तुम्ही काय कराल, तर वाटप सोडून बाकी सगळं. बिस्किटांचे पुडे वाटायला आहारतज्ज्ञ लागत नाही. कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजणारी पट्टी नीट लावायला मात्र शिकवणारं माणूस लागतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, बाही पूर्ण वर. कोपर वाकवून खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांचा मध्य काढायचा, खूण करायची, मग हात सैल सोडून पट्टी फिरवायची. कातडीला टेकेल पण चिमटा बसणार नाही इतकीच. ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. चुका ठरलेल्या असतात: पट्टी बाहीवरून लावली, मूल रडताना हात ताठ असतानाच वाचली, घाईत ओढून घट्ट केली. घट्ट ओढली की आकडा कमी येतो आणि धडधाकट मूल यादीत जातं. सैल राहिली की खरं आजारी मूल सुटतं. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहायचं. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टी काहीही सांगो, ते मूल त्याच दिवशी दवाखान्यात. पंचवीस अंगणवाडी सेविकांचा हात यात बसवून दिलात तर तुम्ही नसतानाही ते चालू राहील. रांबामने (मध्ययुगीन ज्यू विद्वान मैमोनिडीस) दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत सर्वांत वरची कोणती? माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन असं उभं करणं की पुन्हा हात पसरावा लागू नये. शिकवणं त्याच घरातलं.

सामील होताना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगून टाका. शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत मी नाही. बदल्यात दिवाळीत, गणपतीत, नाताळात माझी पाळी लावा. स्वयंसेवी कामाची सगळी धावपळ शनिवारीच असते, त्यामुळे हे उशिरा कळलं की लोक चिडतात. सध्याच्या गटातही शनिवार सोडून रविवार मागून घ्या. जीव वाचवण्याची वेळ आली तर शब्बाथ बाजूला ठेवायचा ही धर्माचीच आज्ञा आहे, पण सर्वेक्षणाचा फॉर्म भरणं म्हणजे जीव वाचवणं नव्हे. दुसरी गोष्ट जेवणाची. पाड्यावर कोणी प्रेमाने ताट पुढे केलं आणि तुम्ही कोशरचं (ज्यूंच्या खाण्याच्या नियमांचं) शास्त्र समजावत बसलात तर दोघांचीही पंचाईत. "मी बाहेर शाकाहारीच खाते" एवढं म्हणा. भाकरी, भाजी, कोरा चहा घ्या आणि विषय संपवा.

आता समाजाच्या वाट्याचं. बाबा म्हणतात ती म्हातारी माणसं खरीच आहेत, आणि त्यांच्यासाठी तुमच्याकडे असं काही आहे जे कमिटीतल्या कोणाकडे नाही. दारफळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. पंचवीस तासांचा निर्जळी उपास, आणि सत्तरीपुढची किती माणसं मधुमेहाच्या गोळ्यांवर! लपून गोळी घेतात, वर उपासही धरतात, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत घाम फुटून खाली बसतात. आजाऱ्यासाठी धर्मात वाट आहे: एका वेळी थोडंच, बरेच रब्बी साधारण ३० मिलिलिटर सांगतात, आणि दोन घोटांत नऊ मिनिटांचं अंतर. कोणी पूर्ण खावं, कोणी असं थोडं थोडं, कोणाचा इन्सुलिनचा डोस किती कमी करावा, हे डॉक्टर आणि रब्बी दोघांनी मिळून सणाआधी महिनाभर तरी ठरवायला हवं. तुम्ही सणाआधीच्या एलुल या ज्यू महिन्यात सिनेगॉगमध्ये एक रविवार बसा, साखर तपासा, प्रत्येकाच्या औषधांची यादी करा, ज्यांना धोका आहे त्यांची नावं डॉक्टरांकडे द्या. आणि योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण आहेच; गोरगरिबांना दान देण्याची त्या दिवसाची जुनी रीत यंदा नेमक्या कोणत्या गरिबांपर्यंत पोचवायची हे बाबांसोबत बसून ठरवा. कोकणातून आलेल्या तुमच्या लोकांनी ते दान गावातल्या गरिबाला दिलं, तेव्हा त्याचा धर्म विचारला नसणार, एवढं बाबांनाही मान्य होईल.

राहिला गाझाचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. तुम्ही कुठल्या सरकारच्या प्रवक्त्या नाही, हे शांतपणे एकदा सांगा. पण न्यायाची भाषा बोलणाऱ्या माणसाला तिथल्या मेलेल्या मुलांबद्दल कोणी विचारलं तर तो अपमान समजू नका. 'शेजाऱ्याच्या रक्तापाशी स्वस्थ उभा राहू नकोस' हे तुमच्याच तोरा ग्रंथात आहे. १९८८ पासून इस्राएलमध्ये रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स ही रब्बींचीच संघटना आहे, तिचे लोक ऑलिव्हच्या हंगामात पॅलेस्टिनी शेतकऱ्यांसोबत त्यांच्या बागांत उभे राहतात आणि आधार तोरा ग्रंथाचाच देतात. त्याच वेळी ७ ऑक्टोबर २०२३ ला मारल्या गेलेल्यांचा शोक तुमच्या सिनेगॉगमध्ये आहे, आणि सायरन वाजला की तुमचा भाऊ अश्दोदला जिन्याखाली पळतो. दोन्ही गोष्टी तुम्ही एका श्वासात म्हणू शकता. त्यावर गट म्हणाला की आधी अमुक घोषणा दे, मगच मुलांची वजनं घ्यायला ये, तर अशी अट ते इतर कोणाला घालतात का, हे विचारा. नसेल घालत, तर गट बदला. ठाणे जिल्ह्यात मुलांची वजनं घ्यायला माणसं नेहमीच कमी असतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून या आठवड्यात आयोजकांना एक ईमेल पाठवा. मुलांपैकी किती जणांचे पालक हयात आहेत आणि त्यांना घरी परत नेण्यासाठी काय करता? माझ्या जागी सध्या कोण काम करतं, मी गेल्यावर कोण करेल? माझ्या २,१०,००० पैकी तिथे प्रत्यक्ष किती पोचतात? बालसुरक्षेचं लेखी धोरण पाठवाल का? स्थानिक आहारतज्ज्ञाला पगारावर घेतलं तर किती खर्च येईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, कारण बहुतेक वेळा तुमच्या एका तिकिटात तिथल्या बाईचा काही महिन्यांचा पगार निघतो. उत्तरं समाधानकारक आली तर जा, पण नोकरी न सोडता, बिनपगारी रजा घेऊन, तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवायला, दोन-तीन आठवडे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा नुसते हसऱ्या मुलांचे फोटो आले, तर नोंदणीच्या अटींमधलं रद्द करण्याचं कलम काढा आणि २०,००० परत मागा. मुदत सहसा प्रवासाच्या तारखेपासून उलटी मोजतात, तेव्हा उशीर करू नका.